एक सुताचं पातं

गुंडुराव सुतार नव्हते. त्यांना खुर्ची करायला सांगितली असती तर तिचे चार पाय चार दिशांना गेले असते. त्यांना एकच गोष्ट यायची, पण ती साऱ्या म्हैसुरात त्यांच्याइतकी कुणाला येत नव्हती. ती म्हणजे बँडसॉवर अरुंद पातं चढवणं.

बँडसॉ म्हणजे एक वर आणि एक खाली अशी दोन मोठी चाकं, आणि त्यांच्यावरून गरगर फिरणारं दातेरी पातं. रुंद पातं कुणीही चढवतं. ते सरळ कापतं, गरीब गाईसारखं राहतं. पण शिसवीच्या फळीत हत्ती, मोर, वेली बसवायच्या, त्यांची आखूड वळणं कापायची, तर पातं एक सुताचं लागतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. असलं पातं जरा सैल राहिलं की लाकडाच्या आत पोट काढतं आणि रेघ सोडून भलतीकडे जातं. जरा जास्त ताणलं की तुटतं. ताण दाखवणारा काटा मशीनवर असतो, पण इथल्या कारखान्यांतली मशीनं जुनी, त्यांच्या स्प्रिंगा कधीच्याच बसलेल्या. काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर नवखा नाही तर मूर्ख, असं गुंडुराव म्हणत. ताण कानानं ठरवायचा. पातं बोटाच्या नखानं छेडायचं आणि त्याचा नाद ऐकायचा.

नाद जमला की गुंडुराव म्हणत, "सरि." म्हणजे बरोबर. तो कानडी शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय कुणी मशीनचं बटण दाबत नसे. असा नियम कुणी केला नव्हता, पण तीस वर्षं तो चालत आला होता. गुंडुराव पातं चढवून जायचे ते महिना महिना कुणी त्याला हात लावायचं नाही.

हा कान घरातूनच आलेला. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा कधीतरी इकडे आले, कापड रंगवायचे, लाकडी ठशांनी छापायचे. वडिलांच्या वेळेपर्यंत ते सगळं बुडालं, पण घरात ठशांची पेटी राहिली, आणि वडिलांनी लहान गुंडूला ठसा बोटाच्या पेरानं वाजवून बघायला शिकवलं. आतून तडा गेलेला ठसा वेगळा बोलतो. "डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं," ते म्हणत. पुढे त्याच ठशांचे बारीक तुकडे करून गुंडुरावांनी बँडसॉला बसवले. एक सुताच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू दिले तर दात बोथट होतात, म्हणून लाकडाचे द्यावे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि रंग प्यालेलं ते लाकूड त्या कामाला असं बसलं की विचारू नका. पणजोबांनी पाहिलं असतं तर रडले असते किंवा हसले असते, सांगता येत नाही.

तर असा हा कान तीन वर्षांपूर्वी गेला.

एकदम नाही गेला. चाळीस वर्षं मशीनच्या गोंगाटात उभं राहिल्यावर तो जायचाच होता. रुंद पात्याचा जाड आवाज त्यांना अजून येई, माणसं समोर बसून बोलली की कळे. पण एक सुताचं पातं छेडलं की त्याचा जो बारीक, उंच नाद असतो, तोच नेमका नाहीसा झाला. पहिल्यांदा झालं तेव्हा गुंडुरावांना वाटलं, पातंच मेलेलं आहे. त्यांनी दुसरं चढवलं. तेही मुकं. तिसरंही मुकं निघालं तेव्हा ते घराला लागून असलेल्या आपल्या शेडमध्ये स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मुलगी पूजिता बँकेत होती. तिनं ओढून दवाखान्यात नेलं, कान तपासून घेतले आणि कानामागे लावायचं एक छोटं मशीन आणलं. गुंडुरावांनी ते एक सकाळ लावलं. मग आरशात पाहिलं, काढलं, डबीत घातलं आणि डबी लोखंडी कपाटाच्या खणात कापराच्या पुडीशेजारी ठेवून दिली.

"अप्पा, लाव की रे ते. सुम्ने, उगाच कपाटात का ठेवलंस?" पूजिता विचारी.

"बघू," ते म्हणत.

बघायचं काय होतं? कानामागे यंत्र लावलेला माणूस पातं छेडून 'सरि' म्हणाला, तर ऐकणारे एकमेकांकडे बघणार. चष्मा लावलेल्या सोनाराला कुणी हसत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण माणसाला कळतं एक आणि वळतं दुसरं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं मात्र त्यांनी पक्कं धरून ठेवलं.

मूठ झाकायला हात लागला तो बायकोचा. तुंगानं पस्तीस वर्षं घर आणि शेडमधल्या भिंतीपलीकडून तो नाद ऐकलेला. स्वयंपाक करता करता ती म्हणायची, "आज जास्त ताणलंत, तुटेल हं," आणि ते तुटायचं. कान गेल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं. एक दिवस ते एका कारखान्यात निघाले तेव्हा ती ताकाचा डबा घेऊन चपला घालून उभी राहिली. "मी पण येते. घरात बसून काय करू?" तिथे ती स्टुलावर बसली. त्यांनी पातं छेडलं, ताणाची चावी थोडी पिळली, पुन्हा छेडलं. नाद जमला तेव्हा तुंगानं पदर सारखा केल्यासारखं केलं आणि हात कानापर्यंत नेला. त्यांनी ते पाहिलं. "सरि," ते म्हणाले.

यावर दोघं घरी कधी एक अक्षर बोलली नाहीत. अडीच वर्षं असं चाललं. म्हातारपणी बायकोला ताकाचा डबा घेऊन बरोबर नेतात म्हणून लोक थट्टा करत. गुंडुरावांना ती थट्टा फार आवडे, कारण तिच्या आड सगळं सुरक्षित होतं, असं त्यांना वाटे.

गेल्या जानेवारीत तुंगा कृष्णराजनगरला गेली. भावाच्या नातीचं बारसं होतं, चार दिवसांत परत येणार होती. दुसऱ्याच दिवशी नागोजीरावांचा फोन आला. त्यांचा कारखाना शिसवीच्या जडावकामाचा, आणि बैलकुप्प्याच्या एका तिबेटी मठाचं मोठं काम त्यांच्याकडे आलेलं. आसनाच्या पाठीवर ढग बसवायचे होते. तिबेटी ढग म्हणजे नुसते भोवरे, एका वळणात दुसरं वळण. लाकूड दोन इंच जाड. मठातल्या लोकांचं नवं वर्ष यायच्या आत काम हवं होतं.

नागोजीराव फोनवर मोठ्यानं बोलत. "मामा, पातं चढवायला पाहिजे. पण घाई नाही हं. मामी गावाला गेल्यात म्हणे. त्या येऊ देत, मग या दोघं."

गुंडुरावांनी फोन ठेवला आणि त्यांना राग आला. तुंगाचा इथे काय संबंध? पातं ती चढवते का? ही मंडळी असं का म्हणाली, याचा त्यांनी विचार करायला हवा होता. विचार केला असता तर कळलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी उलट फोन करून सांगितलं, "उद्या सकाळी येतो." कपाटापाशी ते गेले, खण अर्धा ओढलाही. मग बंद केला.

सकाळी कारखान्यात मंजुनाथ वाट बघत होता. हा त्यांचाच शिकवलेला. पंधरा वर्षांपूर्वी आला तेव्हा रेघेवर कापता येत नव्हतं, आता नागोजीरावांच्या कारखान्यातली सगळी अवघड वळणं त्याच्याकडे. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. उजव्या हातानं कापायचं आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं व बोटानं तांदळाएवढा तुकडा धरून फळीत बसवायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मामी कधी येणार?" त्यानं विचारलं.

"शनिवारी. का?"

"काही नाही. असंच."

गुंडुराव कामाला लागले. मशीनचा प्लग काढला. चावी सैल करून रुंद पातं उतरवलं, गुंडाळून बाजूला ठेवलं. दोन्ही चाकांच्या रबरावर बसलेला लाकडाचा भुसा ब्रशनं खरडून काढला, कारण एवढासा खडा राहिला तरी अरुंद पातं त्यावर उडी मारतं. लोखंडी टेकू काढून खिशातल्या कागदाच्या पुडीतून आपले लाकडी टेकू काढले. त्यातल्या एकावर अजून छापाच्या पाकळीचं टोक दिसत होतं. मग नवं पातं हलक्या हातानं उलगडलं, दात खाली टेबलाकडे करून चाकांवर चढवलं, वरचं चाक हातानं फिरवत फिरवत ते रबराच्या मधोमध आणलं. हे सगळं हातांना आणि डोळ्यांना येत होतं, आणि ते त्यांनी इतक्या सुबकपणे केलं की मागे उभी असलेली चार माणसं नुसती बघत राहिली. तेवढा वेळ गुंडुराव सुखात होते.

मग त्यांनी चावी पिळली आणि पातं छेडलं.

काही नाही. कापसावर नख मारल्यासारखं. त्यांची नजर सवयीनं स्टुलाकडे गेली. स्टुलावर पॉलिश पेपरचा गठ्ठा ठेवलेला होता.

त्यांनी अर्धा फेरा आणखी पिळला. पुन्हा छेडलं. अंगठ्यानं बाजूनं दाबून पाहिलं, किती दबतं ते. एवढंच दबायचं का? की यापेक्षा कमी? जास्त ताणावं तर तुटेल, आणि कारखान्यात या मापाची दोनच पाती होती. चार माणसांसमोर तुटलं तर? त्यांनी मंजुनाथच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाच्या तरी तोंडावर नाद उमटतो, हे त्यांना या तीन वर्षांत कळलं होतं. मंजुनाथ जमिनीकडे बघत होता.

"सरि," गुंडुराव म्हणाले.

कुणी हललं नाही. नागोजीरावांनी मंजुनाथकडे पाहिलं. मंजुनाथनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "मामा सरि म्हणाले. आयतु, झालं. चला."

गुंडुरावांनी टेकू लावले. कागदाएवढी फट ठेवून, दातांच्या मागे, नेमके. मग सिल्व्हर ओकचा पाऊण इंची तुकडा घेऊन रुपयाएवढं भोक कापून दाखवलं. सुरेख गोल आलं. मऊ लाकडात, पातळ तुकड्यात ते येणारच होतं. त्यात खऱ्या ताणाची परीक्षा होत नाही, हे त्यांनीच मंजुनाथला शिकवलं होतं. पण गोल बघून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि नागोजीरावांबरोबर ते पुढच्या खोलीत कॉफी घ्यायला बसले.

आत मशीन सुरू झालं. दोन इंची शिसवी. पहिला ढग निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याच्या आतल्या वळणात पात्यानं लाकडाच्या पोटात बाक धरला आणि ते रेघेबाहेर जाऊ लागलं. रेघेवर आणायला मंजुनाथनं डाव्या अंगठ्याचा जोर लावला. लाकडानं काही वेळ दाद दिली नाही, आणि मग एकदम दिली.

गुंडुरावांना यातलं काही ऐकू आलं नाही. ते सांगत होते की हल्ली पात्यांचा सांधा नीट करत नाहीत. समोर नागोजीरावांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांच्या हातातली कॉफी बशीत सांडली, तेव्हा ते मागे वळले.

मंजुनाथचा डावा अंगठा मुळापासून गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी जोडायचा प्रयत्न केला, तीन दिवस तो राहिला, मग काळा पडला आणि काढावा लागला. नागोजीराव सगळ्यांना सांगत होते, हाताचा खेळ आहे, होतं असं, कुणाचा दोष नाही. मंजुनाथही तेच म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं. सगळ्यांनी इतकं एकमुखानं म्हटलं की गुंडुराव त्यावर विश्वास ठेवायलाही तयार झाले असते. पण त्या रात्रीपासून त्यांना झोप नव्हती.

तुंगा बातमी ऐकून दुसऱ्याच दिवशी परतली. पिशवी खाली न ठेवताच तिनं विचारलं, "तुम्ही चढवलंत? मी नसताना?"

त्यांनी मान हलवली. तिनं पिशवी खाली टाकली. आत गेली, कपाटाचा खण उघडला आणि डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली. मग भिंतीशी बसून तोंडाला पदर लावून रडली. "फोन करायचा होता," एवढंच म्हणाली. "पुढची बस धरून आले असते."

गुंडुरावांनी डबी उचलली आणि शेडमध्ये गेले. स्वतःच्या मशीनवर एक सुताचं पातं चढवलं, मंजुनाथचा अंगठा गेला त्या दिवशी ठेवला होता तेवढाच ताण ठेवला, अर्धा फेरा मोजून. मग कानामागे ते यंत्र लावलं आणि पातं छेडलं.

स्वच्छ ऐकू आलं. सैल, ढपढपीत आवाज. शेंबड्या पोरालाही कळला असता. त्यांनी चावी पिळली, नाद चढत गेला, चढत गेला, आणि एका जागी येऊन तो ओळखीचा सूर निघाला, तीन वर्षांनी. आनंदानं नाचावं अशी ती गोष्ट होती. ते तिथेच उकिडवे बसले आणि कपाळ मशीनच्या टेबलावर टेकलं. तीन वर्षं कापराशेजारी पडून होतं. फक्त खण पुरा ओढायचा होता.

महिन्यानं ते मंजुनाथच्या घरी गेले. आधीही गेले होते, फळं घेऊन, पण तेव्हा लोक होते. या वेळी त्यांनी मुद्दाम दुपार गाठली. थंडी नसताना कानांना मफलर गुंडाळला होता. मंजुनाथच्या बायकोनं, सुष्मानं, दार उघडलं, चटई घातली, कॉफी आणून दिली आणि ती आत गेली. तिच्या वागण्यात मान होता तसाच होता. तो गुंडुरावांना सोसवेना.

मंजुनाथ खाली बसला होता. समोर ताट, ताटात कापलेले तुकडे, फणसाचे पिवळे, शिसवीचे काळे. अंगठा नसलेल्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत तुकडा धरायची तो सवय करत होता. धरलेला तुकडा फळीपर्यंत न्यायचा. तुकडा मध्येच निसटे.

गुंडुरावांनी मफलर सोडला. "हे बघ," ते म्हणाले, आणि मान वळवून कानामागचं यंत्र दाखवलं. "माझे कान गेलेत, मंजू. तीन वर्षं झाली. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी सुम्ने सरि म्हणालो. तुझा अंगठा मी घेतला."

हे वाक्य त्यांनी महिनाभर मनात घोकलं होतं. आता मंजुनाथ ओरडेल, शिव्या देईल, घालवून देईल. त्यासाठीच ते आले होते.

मंजुनाथनं तुकडा उचलला. "ठाऊक होतं, मामा," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"कान. सगळ्यांनाच. नागोजीरावांना, सगळ्या कारखान्यांत. तुम्ही सरि म्हणालात की आम्ही बटण दाबत नव्हतो. मामींचा हात कानाशी गेला की दाबत होतो." तो जरासा हसला. "तुम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. तुमच्यामुळेच सगळ्यांची चूल पेटली की नाही, अल्वा?"

गुंडुरावांना पुढचं विचारायचं नव्हतं. पण ते विचारल्यावाचून उठताही येईना. "आणि त्या दिवशी? मामी नव्हती. तुला कान आहेत. तुला आवाज आला की नाही?"

"आला."

"कसा होता?"

"सैल होता."

"मग मेल्या, बोलला का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. आत भांड्यांचा आवाज थांबला. तो थांबलेलाही त्यांना ऐकू आला.

मंजुनाथनं हातातला तुकडा ताटात ठेवला. "चार माणसं होती. मी म्हटलं असतं, मामा, थोडं ताणा, तर तुम्हाला कळलं असतं. आम्हाला ठाऊक आहे ते. अडीच वर्षं सगळ्यांनी सांभाळलं, आणि मी तोंडावर पाडू? तुम्ही माझ्याकडे बघितलंत ना, तेव्हा मी खाली बघितलं. वाटलं, हळू कापू, सांभाळून घेऊ. मामी बरोबर यायच्या आधीची सैल पाती नाही का सांभाळली." त्यानं पुन्हा तुकडा दोन बोटांत धरला. "दोन ढग बरोबर आलेच की."

सुष्मा आतल्या दारात येऊन उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं लक्ष नव्हतं असंच तिला सांगितलेलं, आणि महिनाभर ती त्यावरूनच त्याला बोलत आली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग गुंडुरावांकडे. पुढे येऊन तिनं त्यांच्यासमोरची अर्धी भरलेली कॉफी उचलली आणि आत नेली. मोरीत ती ओतल्याचा आवाज आला.

गुंडुराव बसून राहिले. मंजुनाथ खाली मान घालून तुकडा फळीकडे नेत होता. अर्ध्या वाटेत तो बोटांतून सुटला आणि लाल जमिनीवर पडला. तांदळाएवढ्या लाकडाचा तो आवाज कितीसा असणार, पण गुंडुरावांना तो लख्ख ऐकू आला. मंजुनाथनं तुकडा पुन्हा उचलला.